‘मला परवडत नाही’ हे डॉक्टरांना सांगताना

“मॅडम, वजन कमी करायचं ते इंजेक्शन स्वस्तात कुठे मिळतं, तेवढं सांगा. बाकी मला काही नको.”

बाई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बराच येतो. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही, आणि हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी विचारतात, कारण डॉक्टरांसमोर ते तोंडातून निघत नाही. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

वय ४२, वजन ९२ किलो. गुडघे दुखतात, रात्री घोरण्याने स्वतःलाच जाग येते.

पहिली चूक माझ्याकडून झाली. मी विचारलं, “ताण आला की खाणं वाढतं का?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पर्स उचलत म्हणाल्या, “तुम्हीपण तेच. वजन म्हटलं की दोष माझ्या तोंडाचा.” मी माफी मागितली. घटलेलं वजन शरीर टिकू देत नाही, भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च आवरून ते परत मिळवू बघतं, हे मी इतरांना समजावून सांगत असते. तरीही जिभेवर आला तो तोच जुना प्रश्न. सवयी काय फक्त समोरच्याला असतात? पर्स पुन्हा खाली ठेवली गेली, पण तोवर पंधरा मिनिटं गेली होती.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. कुणी विक्रेता सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे त्याच वजनाच्या इंजेक्शनच्या, कुप्या बाजारभावाच्या चौथाईत देत होता. आत पांढरी पूड, ती घरी पाण्यात मिसळून टोचायची. लेबलवर बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी’. चिठ्ठी नको, तपासणी नको. “आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी काही विचारत नाही,” त्या म्हणाल्या.

हे त्यांनी त्या दुकानाची चांगली बाजू म्हणून सांगितलं होतं. माझं पेन तिथेच थांबलं.

त्याआधी एक डबा संपवून झाला होता: शंभर टक्के वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल. दुसऱ्या आठवड्यात छातीत धडधड, तोंड कोरडं, झोप उडालेली. घरी कुणाला सांगितलं नाही, आपणच बंद केल्या. त्या डब्यात काय होतं ते आता कळायचं नाही. पण सिब्युट्रामिन नावाचं वजनाचं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं, आणि त्यानंतरही ते असल्याच ‘नैसर्गिक’ गोळ्यांत लपवलेलं पुन्हापुन्हा सापडलं आहे. इंजेक्शनांचंही तसंच. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट इंजेक्शन-पेन टोचून घेतलेल्या लोकांची साखर एकदम उतरली, रुग्णालयात न्यावं लागलं. आत सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावं, असं तिथल्या औषध नियामकांनी सांगितलं. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला. हे मी त्यांना सांगितलं, पण घाबरवायला नव्हे. घाबरलेला माणूस लपवतो, एवढं या खुर्चीत बसून शिकले आहे.

त्यापेक्षा कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला.

त्यांच्याकडे खऱ्या औषधाचे तीन महिने निघतील एवढी बचत होती. “तीन महिन्यांत उतरवते आणि थांबते,” हा बेत. पण सेमाग्लुटाइड पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रेत देत नाहीत. आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर चार आठवड्यांनी एक पायरी वर, २.४ पर्यंत. नाहीतर मळमळ, उलट्या सोसवत नाहीत. म्हणजे वरच्या पायरीवर पाय पडायलाच सोळा आठवडे. बचत जिन्यातच संपणार! २०२१ च्या ज्या मोठ्या चाचणीमुळे हे औषध गाजलं, तिच्यात सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं ते ६८ आठवड्यांत, आणि खाण्या-चालण्याच्या मार्गदर्शनासह. औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं.

त्या बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होत्या. “मग एका महिन्याची किंमत विचारून उपयोगच काय?”

नाहीच. विचारायचं ते वर्षाचं. शिवाय मात्रेप्रमाणे किंमत बदलते, त्यामुळे पहिल्या महिन्याच्या बिलावरून चौथ्याचा अंदाज बांधला की फसगत ठरलेली.

हे सगळं डॉक्टरांसमोर बोलायला हवं होतं. तिथे त्या का जात नाहीत ते दुसऱ्या भेटीत कळलं. काही वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी गेल्या होत्या. समोरच्याने मान वर न करता सांगितलं, “आधी तोंडाला कुलूप लावा.” बाहेर बसलेल्या माणसांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून गुडघाही दाखवायला गेल्या नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं हे त्यांना कळत होतंच. पण कळणं आणि दार ढकलणं यांत अंतर असतं.

म्हणून आम्ही तालीम केली. मी डॉक्टर झाले, त्या त्याच राहिल्या.

“बोला, काय त्रास?”

“नाही, तसं काही नाही... वजनाचं जरा... पैशांचं तसं काही नाही म्हणा, पण...”

थांबवलं. पैशांचंच तर होतं! दोघीही हसलो. सहाव्या खेपेला वाक्य सरळ आलं: “मला वजनासाठी औषध हवंय, मी योग्य आहे का ते बघा. आणि महिन्याला मी इतकेच खर्च करू शकते, त्याहून जास्त मला परवडत नाही.” माणसं डॉक्टरांना पोटाचं सांगतील, पाळीचं सांगतील, पण पैसे नाहीत हे सांगणार नाहीत. लिहून दिलेली चिठ्ठी घेतात, मान डोलावतात आणि घरी येऊन मात्रा अर्धी करतात. काहीजणी एक पेन दोघींत वापरतात. सुई बदलली तरी पेनमध्ये रक्ताचा अंश राहू शकतो, ते कधीच वाटून घ्यायचं नसतं. आणि हे डॉक्टरांना कळतच नाही, कारण त्यांना खर्चाचं कुणी बोललेलं नसतं.

प्रश्नही त्यांच्याच अक्षरात लिहून घेतले. याच औषधाचं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, निघालंय का? (लिराग्लुटाइड या त्याच गटातल्या जुन्या इंजेक्शनची जेनेरिक आली आहेत, आणि सेमाग्लुटाइडचं पेटंट काही देशांत २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे वर्षभरापूर्वी ऐकलेली किंमत आज खरी असेलच असं नाही.) जुनी, स्वस्त गोळी मला चालेल का? ऑरलिस्टॅट ही त्यातली एक. खाल्लेल्या चरबीचा साधारण ३० टक्के भाग ती पचू देत नाही. उतार थोडा, काही किलोंचा, आणि तेलकट जुलाबाची तयारी ठेवावी लागते. माझ्या घोरण्याची, साखरेची, रक्तदाबाची तपासणी झाली तर विमा काही उचलेल का? नुसत्या वजनासाठी हात आखडणारे विमेवाले मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर काही ठिकाणी पैसे देतात. अर्थात खरोखर असेल तरच. नसलेला आजार कागदावर आणायचा नाही.

आणि शेवटचा, मला सर्वांत आवडणारा: फरक पडत नसेल तर कधी थांबायचं?

तिसऱ्या भेटीत, आधी त्यांची परवानगी घेऊन, मी खाण्याबद्दल पुन्हा विचारलं. एकदम भरमसाट खाऊन ओकून टाकणं वगैरे काही नव्हतं. ते विचारावं लागतं, कारण तसं असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. मग सहज विचारलं, “वजन नेमकं कधीपासून चढलं?” त्या बोटांवर मोजू लागल्या. तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी काय झालं? नैराश्याचा उपचार, रात्री एक गोळी, अजून चालू. पाकीट पर्समध्येच होतं. मिर्टाझापिन.

हे औषध झोप आणि मन सावरतं, आणि अनेकांची भूक वाढवतं. मनोविकारांवरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, इन्सुलिनसुद्धा, ही सगळी वजन वाढवणाऱ्यांच्या यादीत येतात. त्या आ वासून बघत होत्या. “म्हणजे मी महागडं इंजेक्शन घेणार होते ते या गोळीवर उतारा म्हणून?”

इतकं सरळ नाही, आणि आपल्या मनाने ती बंद करायची नाही, हे मी तीनदा बजावलं. चौथ्यांदा बजावलं तेव्हा त्या वैतागल्या.

मनोविकारतज्ज्ञांनी दोन महिन्यांत हळूहळू औषध बदललं. मन टिकलं. वजन चढायचं थांबलं आणि दोन किलो उतरलं, बस. चमत्कार झाला नाही. मग त्या कागद घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेल्या. ते वाक्य म्हटलं म्हणे, आवाज कापला, पण म्हटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, “बरं झालं सांगितलंत. किती जमेल?” घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, गरोदरपणाचा विचार आहे का, हेही विचारलं. पुडीवाल्या विक्रेत्याने जे काही विचारलं नव्हतं, ते सगळं.

ठरलं ते जेनेरिक लिराग्लुटाइड. रोज टोचायचं, आठवड्यातून एकदाचं सुख नाही, आणि सरासरी उतार सेमाग्लुटाइडपेक्षा कमी: २०१५ च्या चाचणीत ५६ आठवड्यांत सुमारे ८ टक्के. पण हे त्यांना वर्षभर पेलणार होतं. जोडीला आहारतज्ज्ञ आणि स्नायू टिकावेत म्हणून ताकदीचा व्यायाम. उतरणाऱ्या वजनात नुसती चरबी नसते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी कागदावरच लिहून दिलं: पूर्ण मात्रेवर बारा आठवडे होऊनही पाच टक्के उतरलं नाही तर बंद, पैसे वाया घालवायचे नाहीत. मात्रा वाढवण्याचे चार आठवडे धरून सोळावा आठवडा येतो. बाईंनी त्या तारखेला कॅलेंडरवर गोल केलाय आणि शेजारी ९० वजा ४.५ करून आकडा लिहिलाय: ८५.५. त्याच आठवड्यात माझ्याकडची वेळही घेऊन ठेवली आहे. म्हणाल्या, “आकडा काहीही असो, मी येणार.”