वृत्तनिवेदक व्हायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. पत्रकारितेची पदवी नसताना अँकर होता येईल का?

होता येईल. पत्रकारितेच्या पदवीमुळे पहिली इंटर्नशिप मिळायला सोपं जातं, पण ऑडिशनमध्ये बातमी वाचायला दिली की ती तुम्हाला कळली आहे की नाही, हे दोन वाक्यांत समजतं. व्याजदर किंवा अर्थसंकल्पाची बातमी पुष्कळ जण न समजताच वाचतात. तिथे तुमचं वाणिज्य कामी येईल.

मात्र थेट खुर्चीचा हट्ट धरू नका. आधी डेस्कवर (जिथे बातम्या लिहून, तपासून तयार होतात) किंवा रिपोर्टिंगला थोडा काळ काढा. अमेरिकेचे नामवंत निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट टीव्हीवर येण्याआधी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत बातमीदार होते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अधिकृत दुजोरा मिळेपर्यंत ‘याला अजून पुष्टी नाही’ हे ते प्रेक्षकांना सांगत राहिले. ही सवय बातमीदारीतूनच अंगी मुरते आणि माझ्या लेखी ती चेहऱ्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

प्रश्न : माझा आवाज पातळ आहे आणि बोलण्यात गावाकडची लकब आहे. अडचण येईल का?

आवाज पातळ असल्याने काही अडत नाही. उलट तो मुद्दाम जाड करणारे दहाव्या मिनिटाला थकतात. लकबही असू द्या, फक्त ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ वेगळे ऐकू आले पाहिजेत. वाचलेलं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, चुका आपोआप कानाला खटकतील.

मराठीत खरी फजिती होते ती आकड्यांवर. समोर ‘७९’ दिसलं की घाईत ‘एकोणसत्तर’ तोंडून जातं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘एकोणऐंशी’ असं अक्षरीच लिहा.

प्रश्न : प्रॉम्प्टर वाचताना माझे डोळे फिरताना दिसतात. शिवाय कानात सूचना येत असताना बोलायचं कसं?

प्रॉम्प्टर म्हणजे वाचायचा मजकूर दाखवणारं यंत्र. त्यात कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे तिरकी काच असते, तिच्यात मजकुराचं प्रतिबिंब पडतं. म्हणजे तुमची नजर लेन्सकडेच असते. तरी डोळे फिरत असतील तर ओळ रुंद आहे किंवा कॅमेरा फार जवळ आहे. ओळी अरुंद करून घ्या, कॅमेरा मागे सरकवायला सांगा आणि एकेक शब्द न वाचता वाक्याचा तुकडा एका नजरेत उचला. प्रॉम्प्टर चालवणारा तुमच्या वेगाने येत असतो, त्याच्यामागे धावू नका.

हातातले कागदही बुलेटिनसोबत उलटत राहा. प्रॉम्प्टर अडकला तर योग्य पान समोर हवं.

टॉकबॅक, म्हणजे कानात येणाऱ्या सूचना, अवघड आहे, हे मान्य. तुम्ही मृतांच्या नातेवाइकांशी बोलत असता आणि पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, प्रोड्यूसर कानात म्हणतो, ‘बाइट तयार नाही, पुढच्या लिंकवर जा.’ (बाइट म्हणजे कुणाच्या बोलण्याचा रेकॉर्ड केलेला तुकडा, लिंक म्हणजे बातमीची ओळख करून देणारा अँकरचा मजकूर.) त्यावर मान हलवायची नाही, ‘हो’ म्हणायचं नाही. चालू वाक्य नीट पुरं करायचं आणि मग वळायचं. घरी सरावासाठी एका कानात बोलका कार्यक्रम लावा आणि अग्रलेख मोठ्याने वाचा. पहिले काही दिवस जीभ अडखळेल, नंतर कान आणि तोंड आपापलं काम करू लागतात.

थेट प्रक्षेपणात माहिती संपली, तर जे नक्की कळलंय तेच पुन्हा सांगा. वेळ भरून काढायला मृतांचा आकडा अंदाजाने बोलू नका. त्या घरातलं कोणीतरी ऐकत असतं.

प्रश्न : शोरीलमध्ये काय असावं?

शोरील म्हणजे तुमच्या कामाचा नमुना दाखवणारा व्हिडिओ. दोन मिनिटं पुरेत. एक लिंक वाचलेली, एक तुकडा कागदाशिवाय घटनास्थळावरून बोललेला आणि एक छोटी मुलाखत. मुलाखतीत तुमचा दुसरा प्रश्न पाहुण्याच्या उत्तरातून निघालेला दिसू द्या, कारण निवडणारे तेच शोधतात. मोबाइलवर केलं तरी चालेल, पण माइक वेगळा लावा. पार्श्वसंगीत नको.

प्रश्न : एक संस्था मोठी फी घेऊन अँकरच्या नोकरीची हमी देते. प्रवेश घेऊ का?

नको. अशी हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही.

प्रश्न : ऑडिशनला काय घालू?

एकरंगी, अंगाला नीट बसणारं. बारीक रेघा किंवा चौकटी कॅमेऱ्यात लहरतात. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं टाळा. छातीवर रुळणारी माळही नको, ती माइकवर आपटते.