रविवारची मॅच, शनिवारची मिस्सा

प्रश्न : ताई, आम्ही वसईत, निर्मळच्या बाजूला राहतो. तीन मुलं. थोरली आठवीत, मधला सहावीत, धाकटा तिसरीत. यजमान चर्चगेटला नोकरीला आहेत. सकाळी सहाला घर सोडतात, रात्री साडेआठ-नऊला परततात. मी नर्स आहे, शिफ्ट बदलत राहते. थोरलीला कीबोर्ड आणि चित्रकला, मधल्याला फुटबॉल, धाकट्याला अ‍ॅबॅकस, बुद्धिबळ आणि मे महिन्यापासून पोहणं. त्याचं यंदा फर्स्ट कम्युनियनही (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी) आहे. संध्याकाळी स्कूटरवरून एकाला सोडायचं, दुसऱ्याला आणायचं, यातच माझा जीव मेटाकुटीला येतो. सासूबाई सातला जपमाळ घेऊन एकट्या बसलेल्या असतात.

मधल्याच्या मॅच रविवारी सकाळी आठला लागतात. मुलांची मिस्सा (चर्चमधली उपासना) साडेआठला आणि तिच्या पाठोपाठ धर्मशिक्षण. गेल्या वर्षी त्याचे बरेच रविवार बुडाले. धर्मशिक्षणाच्या टीचरचा निरोपही आला. सासूबाई म्हणतात, फुटबॉल बंद करा. यजमान म्हणतात, पोरगा इतका छान खेळतो, बंद कशाला? थोरलीने ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा) तिसरी ग्रेड दिली आणि आता म्हणते, कीबोर्ड नको. एवढं महागाचं वाद्य घेऊन ठेवलंय. लग्नाआधी मी स्वतः गायकवृंदात होते. आता वेळेवर मिस्साला पोचले तरी खूप. जून आलाय, सगळीकडे फी भरायची आहे. काय ठेवू आणि काय सोडू?
– एक आई, वसई

उत्तर : आधी सासूबाईंसाठी दोन शब्द, कारण त्यांची काळजी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना डॉन बॉस्कोची आठवण करून द्या. हा संत (१८१५–१८८८) लहानपणी दोरीवरून चालायचा, हातचलाखीचे खेळ करायचा. आजूबाजूची पोरं जमली की त्यांना चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन जसंच्या तसं सांगायचा. पुढे तुरीनमध्ये त्याने अनाथ, कामकरी मुलांसाठी घर उभं केलं तेव्हा प्रार्थनेच्या जागेइतकंच खेळाच्या पटांगणालाही महत्त्व दिलं. आपल्याकडेही कितीतरी पोरांनी पहिला चेंडू लाथाडला तो चर्चच्या पटांगणावर. तेव्हा मैदान म्हणजे देवापासून लांब जाणं, असं घरात कुणी बोलू नये. मुलगा ते ऐकतो आणि त्याला वाटायला लागतं की दोघांतला एकच निवडायचा आहे. सहावीतल्या पोराला असा पेच घातलात, तर तो काय निवडेल हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता रविवार. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधीसंहितेत (कॅनन लॉ) स्पष्ट लिहिलंय की रविवारी वा सणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी मिस्साला हजर राहिलं तरी कर्तव्य पूर्ण होतं (कलम १२४८). म्हणजे रविवारी सकाळी मॅच असेल त्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळची मिस्सा पुरते. तुमच्या चर्चमध्ये शनिवारी नसेल तर शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) विचारा. आपल्याकडे चर्च काही कोसाकोसावर नाहीत. ही पळवाट आहे असं मनात आणू नका. पण एक पथ्य पाळा : शनिवारच्या मिस्साला मुलाला एकट्याला पाठवू नका. घरातलं कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. सासूबाई गेल्या तर सोन्याहून पिवळं. नातू चेंडूमुळे आजीबरोबर मिस्साला बसतोय, यात वाईट काय आहे?

धर्मशिक्षणाचं मात्र मिस्सासारखं नाही, ते बुडलं तर बुडतं. टीचरना स्वतः जाऊन भेटा, फोनवर उरकू नका. मी बरीच वर्षं धर्मशिक्षण शिकवलं आहे, म्हणून खात्रीने सांगते : टीचरला राग येतो तो गैरहजेरीचा नाही, न कळवता गैरहजर राहण्याचा. आधी सांगितलंत तर बहुतेक टीचर चुकलेला धडा घरी करून आणायला देतात आणि बुधवार-गुरुवारी पाच मिनिटं उजळणीही घेतात.

इथे मला एरिक लिडेल आठवतो. स्कॉटलंडचा हा धावपटू १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरला धावला नाही, कारण त्याची प्राथमिक फेरी रविवारी होती. ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढे मिशनरी म्हणून चीनला गेला. ही गोष्ट आपण मुलांना त्यागाची म्हणून सांगतो. तिच्यातला कामाचा भाग सहसा सांगत नाही. शर्यतींचं वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्याने तेव्हापासूनच दुसऱ्या अंतराची तयारी सुरू केली होती. आयत्या वेळी रविवारी सकाळी घरात तो वाद झाला नाही. तुम्हीही कोच सरांकडून सीझनचं वेळापत्रक आत्ताच मागून घ्या, कॅलेंडरवर मॅचचे रविवार लाल पेनाने गोल करा आणि तो कागद धर्मशिक्षणाच्या टीचरना दाखवा. दोन-चार मॅच अशा निघतील की त्या सोडाव्याच लागतील. पाल्म संडे (ईस्टरच्या आधीचा रविवार), धाकट्याच्या कम्युनियनचा दिवस, आजोबांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा असे दिवस. ते दिवस मुलाला आत्ता सांगा. शनिवारी रात्री बूट पुसून ठेवल्यावर सांगू नका. आणि लिडेलचा निर्णय त्याचा स्वतःचा होता, मोठ्या माणसाने घेतलेला होता, हेही ध्यानात असू द्या. तो सहावीतल्या मुलाच्या डोक्यावर लादायचा नसतो.

थोरलीचं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. ती कीबोर्ड नको म्हणते की परीक्षा नको म्हणते? शांतपणे, स्कूटरवर नव्हे, घरी बसून विचारा. ग्रेडच्या तयारीत मुलं वर्षभर ठरलेले तीन-चार तुकडे, स्केल आणि नोटेशन यांतच अडकतात. तेराव्या वर्षी त्याचा वीट येणं साहजिक आहे. मग वर्षभर परीक्षा राहू द्या. क्लास आठवड्यातून एकदा ठेवा किंवा बंदही करा. गायकवृंदाच्या प्रमुखांशी बोला आणि तिला महिन्यातल्या एखाद्या रविवारी प्रवेशगीत आणि अर्पणाचं गीत वाजवायला द्या. लोक गात असताना वाजवायचं म्हणजे वेगळंच शिक्षण. कुणी सूर उंच धरतो, कुणी कडवं गाळतं, आजीबाई शेवटची ओळ आपल्या चालीने लांबवतात आणि हिला त्यांच्यासाठी थांबावं लागतं. तिथे बोटांपेक्षा कान तयार होतो. तरीही नाताळानंतर ती नको म्हणाली, तर सोडू द्या. वाद्य महागाचं आहे म्हणून मुलीने वाजवावं, हे कारण मला पटत नाही. ते गायकवृंदाला वापरायला देता येईल.

चित्रकलेसाठी वेगळा क्लास लागतो का ते शाळेत विचारा. एलिमेंटरीची (सरकारी चित्रकला परीक्षेची) तयारी बऱ्याच शाळांत कलाशिक्षकच करून घेतात. दहावीला वाढीव गुण मिळतात ते पुढची इंटरमिजिएटही पास झाल्यावर, त्यामुळे यंदाच धावपळ करण्याचं कारण नाही. तिचा हात चांगला असेल तर डिसेंबरात आळीतल्या नाताळच्या गोठ्याचा (येशूजन्माच्या देखाव्याचा) मागचा पडदा तिच्याकडे सोपवा. वसईत गोठे कसे होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. डोंगर, ओढा, मेंढपाळांची वस्ती, आणि मागे बेथलेहेमचं आभाळ म्हणून रंगवलेली आपलीच केळीची वाडी.

धाकट्याचं थोडक्यात. अ‍ॅबॅकस बंद करा. बुद्धिबळाचा क्लासही बंद करा. घरात दोन भावंडं आहेत, पट आणा आणि त्यांना एकमेकांशी खेळू द्या. पोहणं ठेवा, तेही फक्त उन्हाळ्यात. आमची पिढी पाठीला पत्र्याचा डबा बांधून वाडीतल्या बावखलात, म्हणजे तळ्यात, पोहायला शिकली. आता कितीतरी बावखलं बुजवली गेली, उरलेल्यांत कुणी पोरांना सोडत नाही. पण समुद्र तर जवळच आहे. पोहता न येणारं मूल वसईत असू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि यंदा त्याचं खरं वर्ष कम्युनियनचं आहे. त्याच्या प्रार्थना तोंडपाठ व्हायच्या, पहिलं पापनिवेदन व्हायचं. त्यासाठी संध्याकाळी निवांत बसलेलं माणूस लागतं आणि ते तुमच्या घरात आहे, सात वाजता जपमाळ घेऊन बसलेलं.

जपमाळेबद्दल सासूबाईंची खंत मला कळते. पण यजमान लोकलमध्ये, तुम्ही ड्युटीवर आणि मुलगा मैदानावर असताना सातची जपमाळ सगळ्यांनी मिळून होणार नाही. सातला जो घरी असेल त्याने त्यांच्याजवळ बसावं. आणि रात्री जेवणं उरकली की भांडी उचलण्याआधी, सगळ्यांनी मिळून एकच रहस्य, म्हणजे जपमाळेच्या पाच भागांतला एक, म्हणावं. पाच-सहा मिनिटं लागतात. आज कुणी म्हणायचं ते पाळीपाळीने ठरवा. यजमानांच्या पाळीला सूट नको. पूर्ण जपमाळ शनिवारी किंवा रविवारी. त्या पाच मिनिटांत टीव्ही बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलांनी कुरकुर केली तर त्यांना कार्लो अक्युटिसचं सांगा. कॉम्प्युटरवेडा इटालियन पोरगा, जन्म १९९१चा, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झाला. त्याला व्हिडिओ गेम आवडायचे, पण त्याने स्वतःलाच आठवड्याला एक तासाची मर्यादा घातली होती. तुमच्या मुलांना हा संत आपल्यातला वाटेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मी सांगते. तुम्हीही गायकवृंदात परत जा. क्लास कमी झाल्यावर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी मोकळ्या होतील. त्यातली एक सरावाला द्या. थोरली वाजवेल आणि तुम्ही गाल. रविवारी सकाळी मुलांचा नाश्ता आणि मधल्याला मैदानावर पोचवणं हे यजमानांकडे. ‘पोरगा इतका छान खेळतो’ असं म्हणणाऱ्या बापाने साइडलाइनवर उभं राहून तो खेळ बघायलाही हवा.

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही नगरचे. माझा मुलगा अकरा वर्षांचा, तबला शिकतो. यंदा गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा देणार आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण आणि माझे थोरले दीर म्हणतात, हे देवळातलं वाद्य, त्यापेक्षा गिटार शिकवा. शिवाय क्लासमध्ये गुरुपौर्णिमेला पूजा असते. काय करावं?

उत्तर : नगरमध्ये राहून हा प्रश्न पडावा याचं मला वाईट वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत भजनं लिहिली, कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली. हे सगळं तुमच्याच भागात वाढलं. ती भजनं टाळ, पेटी, तबल्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत गायली गेली. दिरांना विचारा, त्यांच्या आईवडिलांनी नाताळच्या भजनाला काय वाजताना ऐकलं होतं? भजनी ठेका ज्याच्या बोटांत आहे असा तरुण आज मंडळ्यांना शोधून सापडत नाही. मुलाला गिटारही शिकायची असेल तर शिकू द्या, पण तबला सोडवून नाही.

गुरुपौर्णिमेचं क्लासच्या गुरुजींशी आधीच, आदराने बोलून ठेवा. गुरूला वाकून नमस्कार करणं, फूल देणं, त्या दिवशी वाजवून दाखवणं हे मुलाने मनापासून करावं. शिकवणाऱ्याचा मान राखायला आपल्यालाही शिकवलेलंच आहे. मूर्तीची पूजा चालू असताना त्याने शांतपणे मागे बसावं. बरेचसे गुरुजी हे समजून घेतात. मुलाला मात्र यामागचं कारण तुम्ही घरी नीट सांगा, म्हणजे मित्रांनी विचारलं तर तो गोंधळणार नाही. आणि यंदाच्या नाताळच्या भक्तीत (चर्चमधल्या उपासनेत) दोन भजनांना त्याला तबल्यावर बसवा म्हणून पाळकांना आत्ताच सांगून ठेवा. पेटीवाल्याबरोबर सराव करायला महिनाभर तरी हवा, आणि डिसेंबरात कुणाला वेळ नसतो.