४के व्हिडिओ १०-१५ सेकंदांत आपोआप बंद पडतो, फोटो मात्र नीट निघतात. १२८ जीबी कार्ड निम्मं रिकामं आहे. काय करावं? (लातूर)

जागेचा प्रश्न नाही, कार्डाच्या वेगाचा आहे. कॅमेरा व्हिडिओ आधी आपल्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत, घेतो आणि तिथून कार्डावर लिहितो. कार्ड मागे पडलं की बफर भरतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. फोटोला थोडं थांबलं तरी चालतं, व्हिडिओला नाही.

१०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, कारण आठ बिटांचा एक बाइट. 'क्लास १०' कार्ड सलग १० एमबीचीच हमी देतं. कार्डावर ठळक छापलेला ९०-१०० एमबीचा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, त्याला भुलू नका. इंग्रजी यू अक्षरात ३ किंवा 'व्ही३०' ही खूण शोधा. म्हणजे किमान ३० एमबी.

खूण असूनही अडतंय? डेटा काढून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. तरीही तेच, तर कार्ड नकली असू शकतं. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' या सॉफ्टवेअरने पूर्ण क्षमता तपासा. १२८ जीबीला तास-दोन तास सहज जातात.

लग्नाचं शूटिंग उद्यावरच आलं असेल तर फुल एचडीवर उतरा, २८ एमबीपीएसला साडेतीन एमबी पुरतात.

आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी मांडवात कॅमेरा तापूनही बंद पडतो. पण तेव्हा बहुतेक कॅमेरे स्क्रीनवर तापमानाची खूण दाखवतात. तसं दिसलं तर नवं कार्ड घेऊन उपयोग नाही. बंद करून सावलीत ठेवा, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून.