मंत्र्यांना सभागृहात प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय, 'आमदार-खासदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात, पण उत्तरं तर अधिकाऱ्यांनी आधीच लिहून दिलेली असतात. टीव्हीवर नुसता गदारोळ दिसतो. मग या सगळ्याचा उपयोग काय?'

मी काही वर्षं एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहायचं काम केलं आहे, म्हणून हे उत्तर लिहितोय. उपयोग होतो. किती होतो, ते प्रश्न कसा बांधलाय यावर ठरतं. टीव्हीवर दिसतो तो भाग मात्र या सगळ्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा.

मी लिहिलेला पहिला प्रश्न साधारण असा होता : सार्वजनिक आरोग्य सेवा सुधारण्यासाठी शासनाने कोणती उपाययोजना केली आहे वा करण्यात येत आहे? उत्तर दीड पानी आलं. योजनांची नावं, उद्दिष्टं, 'प्रयत्नशील आहे', 'कटिबद्ध आहे'. पुढे नेता येईल अशी एक ओळ त्यात नव्हती. कार्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी ते वाचून एवढंच सांगितलं की, तू त्यांना भाषणाला जागा करून दिलीस. पुढच्या अधिवेशनाला आम्ही विषय तोच ठेवला, पण विचारलं : मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त पदं कोणत्या तारखेपासून रिक्त आहेत, भरतीची जाहिरात कधी काढली, काढली नसल्यास विलंबाची कारणे काय? या वेळी उत्तर आठच ओळींचं आलं, आणि त्या आठ ओळींतून तीन उपप्रश्न निघाले. ज्याच्या उत्तरात आकडा आणि तारीख टाळताच येत नाही, तोच प्रश्न कामाचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता यंत्रणा कशी चालते ते सांगतो. आपल्याकडे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं, त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेसाठी सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न यादीत कितव्या क्रमांकावर येणार हे बॅलटने म्हणजे चिठ्ठ्या काढून ठरतं. मंत्रालयांचे गट पाडलेले असल्यामुळे प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले सुरुवातीचे मोजकेच प्रश्न तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरं लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. म्हणजे टीव्हीवर दिसतं ते दिवसभराच्या उत्तरांतलं अगदी थोडं. उरलेली शेकडो उत्तरं छापील कागदावर असतात आणि वाचणारे कमी असतात, याची मला खरोखर खंत वाटते.

प्रश्न कसा असावा याचेही नियम आहेत. १५० शब्दांची मर्यादा, त्यात मत नको, युक्तिवाद नको, आरोप नको, उपरोध नको, काल्पनिक परिस्थितीवर विचारायचं नाही, न्यायालयात असलेल्या बाबीवर विचारायचं नाही, आणि ज्या गोष्टीची जबाबदारी मुळात त्या सरकारकडे नाही तीही विचारायची नाही. नवख्या माणसाला हे नियम जाचक वाटतात. मला ते चांगले शिक्षक वाटले. मत आणि राग काढून टाकल्यावर प्रश्नात काही उरतंय का, हे लगेच कळतं.

महाराष्ट्र विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी कधी वाचली आहे का? एकदा जरूर वाचा. प्रश्नाचे तुकडे असतात : 'अमुक झाले, हे खरे आहे काय', 'असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' समोर उत्तरं असतात : 'होय', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'. हे शेवटचे तीन शब्द प्रश्न लिहिणाऱ्याने कायम डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिल्या तुकड्यात एखादा तपशील चुकला, तारीख किंवा गावाचं नाव चुकलं, की 'हे खरे नाही' असं उत्तर येतं आणि खालचे सगळे तुकडे एका फटक्यात 'उद्भवत नाही'मध्ये जातात. म्हणून प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा राहील असा लिहावा लागतो.

याचं ठळक उदाहरण सप्टेंबर २०२० मधलं आहे. टाळेबंदीत पायी घरी निघालेले कितीतरी मजूर वाटेत दगावले होते. १४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की, घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या कुटुंबांना नुकसानभरपाई दिली का? लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत प्रश्न आला तो रेल्वे मंत्रालयाला आणि फक्त श्रमिक विशेष गाड्यांपुरता. तिथे मात्र आकडा मिळाला : ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांत प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू. देश तोच, महिने तेच. ज्या खात्याकडे नोंद असणारच त्या खात्याला, नोंद असेल तेवढ्याच बाबीबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर आलं. पण पहिलं उत्तर वाया गेलं असंही मी म्हणणार नाही. 'आकडेवारी नाही' हे सरकारने संसदेत लेखी देणं ही मोठीच माहिती होती. देशभर त्याची चर्चा झाली ती त्यामुळेच. त्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास मात्र रद्द केलेला होता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. त्यामुळे 'आकडेवारी का ठेवली नाही?' हा उपप्रश्न उभं राहून मंत्र्यांना विचारायची सोयच नव्हती.

तुमच्या मूळ शंकेचं उत्तरही या उपप्रश्नातच आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकारी लिहितात, हे अगदी बरोबर. मंत्र्यांच्या हातात संभाव्य उपप्रश्नांच्या टिपणांची फाइलही असते, अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवत असतात. पण उपप्रश्न कोणता येईल हे कोणालाच नक्की माहीत नसतं. आपलं खातं मंत्र्यांना किती कळतं, ते त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांसमोर उघडं होतं. शिवाय सभागृहात बोललेला शब्द कामकाजात नोंदला जातो. पत्रकार परिषदेतलं वाक्य 'माझा विपर्यास केला' म्हणून झटकता येतं, सभागृहातलं येत नाही.

पाठपुरावा चिवट असेल तर कुठपर्यंत जाऊ शकतो ते मुंदडा प्रकरणात दिसतं. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये घातले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत याबद्दल प्रश्न आला तेव्हा सरकारने थातुरमातुर उत्तर दिलं. विषय तिथेच संपला असता. पण फिरोज गांधींनी तो सोडला नाही. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, तरीही डिसेंबरमध्ये त्यांनी सभागृहात कागदोपत्री तपशिलांसह सरकारला घेरलं. मग न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, सुनावणी लोकांसमोर उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

ब्रिटनमधलं अलीकडचं उदाहरणही सांगतो, कारण त्यात प्रश्न सभागृहातून समितीत कसा जातो ते नीट कळतं. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या, हयात तिथेच घालवलेल्या लोकांना कागदपत्रं नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं जात होतं. १६ एप्रिल २०१८ रोजी खासदार डेव्हिड लॅमी यांनी तातडीचा प्रश्न मांडून गृहमंत्र्यांना विचारलं की किती जणांना देशाबाहेर काढलं, किती जणांना डांबून ठेवलं. आकडे मिळाले नाहीत. २५ तारखेला गृहविषयक समितीने गृहमंत्री अँबर रड यांना विचारलं, लोकांना बाहेर काढण्याची उद्दिष्टं ठरवून दिली होती का? त्यांनी नाही म्हटलं. उद्दिष्टं होती, हे कागदपत्रांतून बाहेर आलं आणि २९ तारखेला त्यांनी राजीनामा दिला. पहिल्या प्रश्नापासून तेरा दिवस.

समित्यांचा फायदा असा की तिथे वेळ असतो आणि एकच धागा अर्धा तास धरून ठेवता येतो. अमेरिकेत मंत्री मुळात संसदेचे सदस्यच नसतात, त्यामुळे तिथे सगळी विचारपूस समित्यांसमोरच होते. आपल्याकडे १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, पण त्यांच्यासमोर सचिव आणि अधिकारी येतात, मंत्री येत नाहीत. ही मला आपल्या पद्धतीतली मोठी उणीव वाटते. धोरण मंत्र्यांचं, आणि समितीसमोर बाजू मांडायची सचिवांनी.

दुरुपयोग होत नाही का? होतो. सत्ताधारी सदस्य मंत्र्यांना सोयीचा चेंडू टाकतात. ऑस्ट्रेलियात तर अशा ठरवून विचारलेल्या प्रश्नांना 'डोरोथी डिक्सर' असं नावच पडलं आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल आपल्या संसदेने डिसेंबर २००५ मध्ये अकरा सदस्यांना, लोकसभेतल्या दहा आणि राज्यसभेतल्या एकाला, काढून टाकलं. पण पैसे देऊन प्रश्न विचारून घेण्याची लोकांना गरज वाटली, यावरून त्या प्रश्नाला केवढं वजन आहे हेही समजतं.

आणखी एक उपयोग टीव्हीवर कधीच दिसत नाही. प्रश्न खात्यात पोहोचला की तो मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात उतरतो आणि कोणीतरी धूळ खात पडलेली फाइल उघडतो. 'अद्याप कार्यवाही झालेली नाही' असं लिहून द्यावं लागू नये म्हणून उत्तराच्या तारखेआधी घाईने आदेश निघतात. आमच्या एका प्रश्नावर महिनोन्महिने अडकलेला निधी उत्तराच्या दोन दिवस आधी वितरित झाला होता. प्रश्न यादीत बराच खाली होता, तोंडी आलाच नाही. काम मात्र झालं होतं.

आणि उत्तरात 'बाब विचाराधीन आहे' किंवा 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं असेल तर निराश होऊ नका. संसदेत अशी वाक्यं आश्वासनं म्हणून धरली जातात. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून हेच काम करते आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. बरीच रेंगाळतात, पण रेंगाळलेल्यांची यादी तयार होते आणि तिच्यावर समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते.

तुम्हाला स्वतःला एखाद्या सेवेबद्दल विचारायचं असेल तर आधी संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या विषयावरची जुनी उत्तरं शोधा. त्यातला शेवटचा आकडा घ्या, त्याच्यापुढे काय झालं एवढंच विचारा आणि तो मसुदा तुमच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात अधिवेशनाच्या चांगलं महिनाभर आधी पोहोचवा. अधिवेशन सुरू झाल्यावर हाती येणारी पत्रं आम्हाला नेहमी बाजूला ठेवावी लागायची, कारण सूचना देण्याची मुदत तोवर टळून गेलेली असायची.