शिष्ट, मानभावी की आढ्यताखोर?

प्रश्न असा आहे : मुद्दाम घडवलेलं, आपला सुसंस्कृतपणा समोरच्याला जाणवावा म्हणून केलेलं बोलणं असेल, तर त्या माणसाला 'शिष्ट' म्हणावं की 'मानभावी'?

दोन्ही नेमके बसत नाहीत. 'शिष्ट' संस्कृतात 'शास्' धातूवरून आला. शिकवलेला, शिस्त अंगी बाणलेला तो शिष्ट. पतंजलीने 'महाभाष्य' या व्याकरणग्रंथात वर्णिलेले शिष्ट निर्लोभी आहेत, घरात मडकंभर धान्यापलीकडे साठा न करणारे. 'शिष्टाचार', 'शिष्टमंडळ' यांत तो मान अजून टिकून आहे. पण 'काय शिष्ट आहे ती!' म्हटलं की अर्थ होतो चारचौघांत न मिसळणारी, मोजकं बोलणारी, स्वतःला वरची समजणारी. म्हणजे शिष्टपणा बहुधा अबोल असतो. भरभरून अलंकारिक बोलणाऱ्याला हा शब्द लावला की ऐकणारा गोंधळतो.

'मानभावी' तर वेगळ्याच दिशेचा. 'महानुभाव'चं बोलीतलं रूप 'मानभाव'. चक्रधरस्वामींचा हा तेराव्या शतकातला पंथ कडक अहिंसा पाळणारा. त्या सौम्य वाणीवर संशय घेत समाजाने 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' अशी म्हण केली आणि एका पंथाचं नाव ढोंगाला चिकटलं. हा त्या पंथावर अन्यायच आहे, म्हणून शब्द वापरताना त्याचं मूळ ठाऊक असावं. अर्थापुरतं पाहिलं तर मानभावीपणात सोंग असतं ते नम्रतेचं, आत डाव असताना वरून गोडवा. उच्चभ्रूपणाचं सोंग त्यात येत नाही.

मग 'आढ्यताखोर' चालेल का? 'आढ्यता' हा पैशाच्या घरचा शब्द. संस्कृत 'आढ्य' म्हणजे श्रीमंत. मराठीत उरला तो फक्त ताठा, आणि त्याला फारसी 'खोर' जोडून 'आढ्यताखोर'. 'मिजास' आणि 'दिमाख' अरबीतून आले, मूळ अर्थ अनुक्रमे प्रकृती आणि मेंदू. मिजास वाईटच, दिमाख मात्र सोहळ्याला शोभतो.

मग विचारलेल्या बोलण्याला काय म्हणावं? 'साजूक तुपातली भाषा' जवळचं आहे, पण ते भाषेच्या चवीचं नाव झालं. कुणाची घरची बोलीच तशी असेल तर त्यात सोंग कुठलं? शिवाय त्या शब्दप्रयोगाला जातीचा वास आहे. सोंग दाखवायचं तर 'आव' हाच शब्द हवा. तो 'आणणे'बरोबर येतो आणि त्याआधी 'चा' लागतो : 'सुसंस्कृतपणाचा आव आणून बोलतो.' कशाचा आव ते सांगितल्याशिवाय वाक्य लंगडं पडतं. एकाच विशेषणात सांगायचं असेल तर 'नाटकी' घ्यावं, 'फार नाटकी बोलते'. 'लाडिक' नको, त्यात बालिश लाडीगोडी येते. आणि 'नखरेल' तर बहुतेक वेळा बाईलाच चिकटवतात, पुरुषाच्या बोलण्याला तो शब्द सहसा कुणी लावत नाही.