मुश्किलीने मिळणारी, गाजलेली क्राफ्ट आयपीए, म्हणजे छोट्या ब्रुअरीतली वासाची कडू बिअर, खरंच तेवढ्या पैशांची असते का?

ताजी असेल तर असते. शिळी असेल तर लेबल कितीही गाजलेलं असो, एक दमडी देऊ नका. ऐकीव सांगत नाही. एकाच बॅगेतून आलेल्या दोन बाटल्या मी स्वतः प्यायलोय, एक दिवाळीत आणि एक मे महिन्यात.

इंदुरात मल्हारगंजला आमचा घरचा मसाल्याचा धंदा आहे. जीरावन, गरम मसाला, धनेपूड. मी आणि दादा मिळून बघतो. दादाचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. दिवाळीला येताना त्याने सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीतून प्लिनी द एल्डरच्या दोन बाटल्या आणल्या, पायमोज्यांत गुंडाळून. आठ टक्के अल्कोहोलची डबल आयपीए, म्हणजे नेहमीच्या आयपीएहून कडक. भरल्याची तारीख जेमतेम दहा दिवसांपूर्वीची.

पहिली त्याच रात्री गार करून उघडली. ग्लास अजून हातभर लांब होता तोच वास आला. संत्र्याची साल नखाने सोलताना बारीक फवारा उडतो ना, अगदी तो. मागून चिडाच्या लाकडाचा, ओल्या डिंकासारखा. रंग स्वच्छ तांबूस-सोनेरी, फेस पांढराशुभ्र. घोट घेतला तर कडू, पण कारल्याचं कडू वेगळं. हे पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखं, जिभेवरून उतरताना तोंड कोरडं करून जाणारं, की लगेच दुसरा घोट हवासा वाटावा. मी बावीस वर्षं धने-जिरं हुंगून माल घेतो. इतका जिवंत वास बाटलीत टिकवणाऱ्याला मी मानतो.

दुसरी बाटली दादाने हॉलच्या शोकेसमध्ये ठेवली. "अप्पांच्या पंचाहत्तरीला उघडू." मी म्हटलं, दादा, लेबलच्या कडेने बारीक अक्षरांत लिहिलंय बघ: गार ठेवा, ताजी प्या, मुरवत ठेवू नका. तो म्हणाला, "अरे, आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. लंडनहून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून सहा सहा महिने जहाजात हेलकावे खात इथे यायची. तेव्हा बिघडली नाही, ती आता शोकेसमध्ये बिघडेल?"

हा मुद्दा बऱ्याच लोकांच्या तोंडी असतो, म्हणून नीट सांगतो. लंडनच्या हॉजसनच्या बो ब्रुअरीतून कलकत्त्याला यायची ती बिअरच वेगळी. ती मुरवण्यासाठीच गाळलेली असायची, पिंपात ठेवून जुनी करायची. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, भरपूर, पण त्यांचं मुख्य काम माल टिकवण्याचं. आताची अमेरिकन डबल आयपीए 1994 साली टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झोने काढली, आणि प्लिनीही त्याचीच. हिच्यात आंबवण झाल्यावर वरून पुन्हा हॉप्स घालतात, न उकळता, केवळ वासासाठी. आपण पोह्यांवर जीरावन शेवटी भुरभुरतो, कढईत शिजवत नाही, तसंच. तो वास तेलाचा असतो आणि ते तेल बंद बाटलीतही विटतं, उष्णतेत फार लवकर.

मे महिन्यात इंदूर बेचाळीस अंशांवर होतं. अप्पांच्या पंचाहत्तरीला बाटली उघडली. रंग गढूळ तपकिरी. वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि थोडा जळक्या मधाचा. कडूपणा होता, पण एकटाच. दादा म्हणाला, "हीच का ती? तीनशेच्या साध्या बिअरला काय वाईट होतं?" आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतो, की या महागड्या बिअरमध्ये काही नसतं. हे मला सहन होत नाही. बिअर चांगलीच होती. राखून ठेवून आपण ती मारली.

पैशांचं म्हणाल तर पुतण्याला बाटली सहा-सात डॉलरला पडली, आणि तेवढ्याला ती स्वस्तच. ओळखीतला एक जण पुण्यात अशाच बाटलीचे साडेतीन हजार सांगत होता. भरल्याची तारीख विचारली तर म्हणाला, "ते कोण बघतं?" तिथेच उठलो. तारीख नाही, सौदा नाही. दोन-अडीच महिन्यांपलीकडची आयपीए फुकटही घेऊ नका. त्यापेक्षा आपल्या शहरात कुणी ताजी गाळत असेल तर तिथली नळाची प्या.

दादाशी माझा खरा वाद बिअरचा नाहीच. तो तीन महिन्यांचे धने एकदम दळून ठेवतो, मी म्हणतो सियागंजातून दर आठवड्याला आणू, दर आठवड्याला दळू. खर्च वाढतो, मान्य. पण गिऱ्हाईक पुडी फोडल्यावर आधी नाक लावतं.

एक राहिलं. हे सगळं हॉप्सवाल्या बिअरचं. बार्लीवाइनसारख्या जड बिअर मुरवतात, तिथे दादा बरोबर आहे. आयपीए फार गार पिऊ नका, आठ-दहा अंश पुरे. सोबत तिखट नको. आम्ही सराफा बाजारातले गराडू, म्हणजे जीरावन भुरभुरलेले तळलेले कंद, घेतले आणि जीरावनची आग दुप्पट झाली. आणि आठ टक्के म्हणजे गाडीची किल्ली घरी.

यंदाही पुतण्या दिवाळीत येतोय. दोन बाटल्या सांगितल्यात. दोन्ही त्याच आठवड्यात उघडणार, हे दादाला आधीच सांगून ठेवलंय.