गाळातले तेल कसे ओळखावे?

प्रश्न : गोव्यातल्या चिखलीच्या खाडीत ओहोटीला आमच्या घरची माणसे तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढायला जातात. पाणी वरून स्वच्छ दिसते, पण टाचेने दाबले की खाली काळा, कुजकट वासाचा चिखल लागतो आणि खळग्यातल्या पाण्यावर रंगीत तवंग येतो. समोर मुरगाव बंदर आहे. हे बंदरातले तेल समजावे का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : काळा रंग आणि कुजक्या अंड्यासारखा वास एवढ्यावरून बंदराला दोष देता येणार नाही. जिथे प्राणवायू पोहोचत नाही त्या गाळात लोहाची सल्फाइडे तयार होतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. निर्मळ खाडीतही हे घडते. तवंगाची परीक्षा मात्र आपण स्वतः करू शकता. काडीने तो मोडून पाहावा. लोहावर वाढणाऱ्या जीवाणूंचाही असाच रंगीत पापुद्रा येतो, पण तो काचेसारखा तडकतो आणि त्याचे तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडी काढताच पुन्हा जुळून येतो.

तरीही आपली शंका निराधार नाही. जहाजे, बार्ज, मच्छीमार ट्रॉलर, दुरुस्तीचे धक्के आणि पावसात रस्त्यांवरून वाहून येणारे ऑइल यांतून थोडेथोडे तेल सतत झुआरी नदीच्या मुखात येत असते. त्याचा हलका भाग उडून जातो, जड भाग मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो आणि तिथे प्राणवायू नसल्याने त्याचे विघटन अतिशय मंद होते. म्हणूनच वरचे पाणी भरती-ओहोटीने बदलत राहिले, तरी खालचा गाळ जुने तेल धरून ठेवतो आणि जलमार्ग खोल करण्यासाठी तो उपसला की त्यातले काही पुन्हा पाण्यात मिसळते.

प्रयोगशाळेतही नुसते ‘हायड्रोकार्बन (म्हणजे खनिज तेल ज्यांचे बनते ती कार्बन-हायड्रोजनची संयुगे) सापडले’ एवढ्याने भागत नाही, कारण कांदळवनाच्या पानांवरील मेणातही हायड्रोकार्बनच असतात. त्या मेणात विषम कार्बनसंख्येच्या साखळ्या ठळकपणे जास्त आढळतात, खनिज तेलात सम-विषम जवळपास सारख्याच. शिवाय होपेनसारखी टिकाऊ संयुगे तेलाची ओळख पटवतात. (एप्रिल-मेपासून किनाऱ्यावर लागणाऱ्या, घट्ट झालेल्या तेलाच्या डांबरगोळ्यांचे मूळही याच पद्धतीने शोधतात.)

राहिला तिसऱ्यांचा प्रश्न. शिंपलेवर्गीय प्राणी पाणी गाळून खातात आणि तेलातली बहुवलयी (अनेक कार्बन-वलये जोडलेली) संयुगे माशांइतक्या सहज मोडू शकत नाहीत, त्यामुळे ती त्यांच्या मांसात साठतात. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रेती सुटते. तेल सुटेल असे समजू नये. रॉकेलसारखा वास आला तर त्या टाकून द्याव्यात, मात्र वास नाही म्हणजे तेल नाही असेही नाही. गाळ तपासायला द्यायचा असल्यास वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर धातूच्या चमच्याने स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि देईपर्यंत तो बर्फात ठेवावा. एक नमुना धक्क्याजवळचा आणि एक खाडीत बराच आत, बोटी जात नाहीत तिथला असावा. तुलनेला दुसरा नसेल तर पहिल्याच्या आकड्यावरून फारसे काही ठरवता येत नाही.